पेन्शनच्या कागदांतले शिपाई

१९०९ च्या ऑक्टोबरात आयडा टार्बेल या नामवंत अमेरिकन पत्रकर्तीने आपल्या मासिकातर्फे वॉशिंग्टनच्या युद्धखात्याला एक साधा प्रश्न विचारला. यादवी युद्धात पुरुष म्हणून भरती होऊन लढलेल्या स्त्रियांची काही नोंद खात्याकडे आहे का? अ‍ॅड्जुटंट जनरल एन्सवर्थ यांच्याकडून उत्तर आलं, की अशी कोणतीही स्त्री सैन्यात असल्याचा अधिकृत पुरावा दप्तरात सापडत नाही.

हे उत्तर खरं नव्हतं. त्याच दप्तरात मिझूरीच्या सतराव्या रेजिमेंटमधल्या जॉन विल्यम्स नावाच्या शिपायाचा कागद होता. त्याला १८६१ साली सैन्यातून काढलं होतं आणि कारण म्हणून, तो स्त्री असल्याचं सिद्ध झालं, एवढंच लिहिलं होतं. शिवाय पंचवीस वर्षं आधी, १८८४ मध्ये, खुद्द अमेरिकन काँग्रेसने अशाच एका स्त्रीला शिपाई म्हणून पेन्शन मंजूर केलं होतं. म्हणजे माहिती सरकारदरबारी होती. ती मान्य करायची नव्हती.

पुरुष म्हणून लढलेल्या या माणसांविषयी वाचताना मला सगळ्यात जास्त काही मिळालं ते लढायांच्या वर्णनांत नव्हे, तर पेन्शनच्या व्यवहारात. त्यांच्या शौर्याच्या गोष्टी तिखटमीठ लावून छापल्या गेल्या. कितीतरी पुस्तकं निव्वळ खपासाठी निघाली. पेन्शनच्या अर्जाला मात्र पुरावा लागतो. तुम्ही कोण, कुठल्या पलटणीत होता, जखम कुठे झाली, ओळखणारं कोण आहे? या प्रश्नांची उत्तरं देताना प्रत्येकाला आपण कोण आहोत हे सरकारच्या चौकटीत बसवून दाखवावं लागलं. ती चौकट प्रत्येक वेळी वेगळी होती, आणि या सबंध विषयाचं मर्म मला त्यातच दिसतं.

आधी एक शंका दूर करायला हवी. हे लोक सापडत कसे नव्हते? अमेरिकेच्या यादवी युद्धापुरतं बोलायचं, तर भरतीच्या वेळची तपासणी अगदी वरवरची असे. काडतुसाचा कागद फाडायला समोरचे दात शाबूत हवेत, चाप ओढायला बोटं हवीत. ती आहेत म्हटल्यावर बहुतेक डॉक्टर पुढच्या माणसाकडे वळत. मिसरूड न फुटलेली पोरं वय चोरून भरती होत होती, तेव्हा गुळगुळीत गालांचं कोणालाच नवल वाटत नसे. गणवेश ढगळ. अंगावरचे कपडे आठवडेच्या आठवडे उतरत नसत, झोपही त्यातच. शौचाला रानात जायचं. पाळीचं काय, हा प्रश्न वाचकाच्या मनात येतोच. अपुरं अन्न आणि रोजची पायपीट यांनी अनेकींची पाळी बंदच झाली असावी. आणि रक्ताने माखलेली फडकी छावणीत कुठेही पडलेली असत. या सगळ्याच्या वर एक मोठं कारण होतं. त्या समाजात विजार घातलेली, केस कापलेली बाई कोणी पाहिलेलीच नव्हती. जो विजारीत दिसला तो पुरुष, इतकं ते सरळ होतं. गुपित फुटायचं ते जखमेने, आजारपणाने आणि क्वचित बाळंतपणाने. डीअ‍ॅन ब्लँटन आणि लॉरेन कुक यांनी २००२ च्या आपल्या पुस्तकात या युद्धातल्या अशा सुमारे अडीचशे जणांचा माग काढला आहे. ज्यांचं गुपित कधी फुटलंच नाही, ते अर्थातच कुठल्याही हिशेबात येत नाहीत.

सैन्यात जायची कारणं एक नव्हती. कोणी नवऱ्याच्या मागे गेली, कोणी देशासाठी, आणि पुष्कळजणी पगारासाठी. उत्तरेकडच्या शिपायाला महिना १३ डॉलर मिळत. घरकाम करणाऱ्या मुलीला त्याच्या जवळपासही मिळत नसत. न्यूयॉर्क राज्यातल्या एका शेतकऱ्याची थोरली मुलगी रोझेटा वेकमन हिने आधी पुरुषाच्या वेषात कालव्यावरच्या नावेत काम धरलं, मग १८६२ मध्ये लायन्स वेकमन या नावाने १५३ व्या न्यूयॉर्क रेजिमेंटमध्ये नाव नोंदवलं. ती घरी पैसे पाठवत राहिली, पत्रं लिहीत राहिली. १८६४ च्या जूनमध्ये न्यू ऑर्लिन्सच्या लष्करी रुग्णालयात ती हगवणीने गेली. कित्येक दिवस ती तिथे पडून होती, शुश्रूषा करणाऱ्यांना काय ते कळलं असणारच. पण कागदावर कोणी काही लिहिलं नाही. शामेटच्या लष्करी दफनभूमीत तिच्या थडग्यावर लायन्स वेकमन हेच नाव आहे. घरच्यांनी जपून ठेवलेली तिची पत्रं १९९४ मध्ये छापून आली नसती, तर ती आणखी एक अनाम शिपाई राहिली असती.

वेषांतराची गरज पडत होती ती दार बंद होतं म्हणून. जिथे दार उघडं होतं तिथे गरज पडली नाही. निजामाच्या पदरी गणवेशातल्या, बंदुका चालवणाऱ्या स्त्रियांची जफर पलटण होती. जनान्याचा पहारा हे तिचं मुख्य काम, पण १७९५ मध्ये खर्ड्याला मराठ्यांशी लढाई झाली तेव्हा त्या स्त्रियाही निजामाच्या सैन्यात होत्या. आपल्याकडे खर्ड्याची लढाई शाळेपासून शिकवतात. समोरच्या बाजूला स्त्रियांची पलटण होती हे मात्र मी शाळेत कधी ऐकलं नाही.

मराठ्यांच्या इतिहासाला स्पर्श करून जाणारं आणखी एक नाव आहे, ते हॅना स्नेलचं. वूस्टरच्या एका रंगाऱ्याची ही मुलगी. नवरा सोडून गेला, तान्ही मुलगी दगावली, तेव्हा मेहुण्याचे कपडे आणि त्याचंच जेम्स ग्रे हे नाव घेऊन ती ब्रिटिश मरीन पलटणीत शिरली आणि बॉस्कॉवेनच्या आरमारातून हिंदुस्थानात आली. १७४८ मध्ये पाँडिचेरीच्या वेढ्यात ती जखमी झाली. पुढच्या जूनमध्ये कंपनीच्या फौजेने देवीकोट्टईचा किल्ला घेतला, त्या लढाईतही ती होती असं सांगितलं जातं. देवीकोट्टई हा तंजावरच्या भोसल्यांचा किल्ला. गादीवर प्रतापसिंह होते, आणि एका पदच्युत दावेदाराची कड घेण्याच्या निमित्ताने इंग्रजांनी तो गिळला. मायदेशी परतल्यावर १७५० मध्ये लंडनमध्ये तिने सोबत्यांना खरं सांगितलं. त्याच वर्षी तिचं चरित्र छापून निघालं. त्यात पायांना अकरा आणि जांघेत एक अशा बारा जखमा आहेत. जांघेतली गोळी लष्करी डॉक्टरला कळू नये म्हणून तिने एका स्थानिक बाईच्या मदतीने स्वतः काढली, असंही त्यात म्हटलं आहे. चेल्सीच्या सैनिक रुग्णालयाच्या पेन्शनवहीत फक्त पायांच्या जखमांची नोंद आहे. मी वहीवर विश्वास ठेवते. पण पुस्तकाला बाराव्या जखमेची गरज का पडली, हेही समजून घ्यायला हवं. वाचकांना शिपाई नको होता, शिपायाच्या कपड्यांतलं बाईचं शरीर हवं होतं. हॅनाने पोटासाठी रंगभूमीवर गणवेशात कवायतीही करून दाखवल्या. तिला पेन्शन मिळालं, पुढे वाढलंही. शेवटचे काही महिने तिने बेडलमच्या वेड्यांच्या इस्पितळात काढले आणि १७९२ मध्ये ती वारली. चेल्सीच्या आवारात सैनिकांमध्ये तिला पुरलं.

डेबोरा सॅम्पसनची गोष्ट अमेरिकेत शाळेतली मुलं वाचतात. १७८२ मध्ये रॉबर्ट शर्टलिफ या नावाने मॅसॅच्युसेट्सच्या चौथ्या रेजिमेंटमध्ये भरती, मांडीत गोळी, दीड वर्षाच्या नोकरीनंतर सन्मानाने निवृत्ती. पुढे लग्न, तीन मुलं, गरिबी. पेन्शनसाठी खेटे घालून झाल्यावर १८०४ मध्ये क्रांतियुद्धातला प्रसिद्ध वीर पॉल रिव्हिअर याने तिच्यासाठी एका काँग्रेस सदस्याला पत्र लिहिलं. त्या पत्राचा सूर लक्षात राहण्यासारखा आहे. आपण एखादी धिप्पाड, पुरुषी बाई पाहायला मिळेल असं समजून गेलो होतो. प्रत्यक्षात एक नाजूक, बोलकी, चांगली गृहिणी आणि आई भेटली, असं तो सांगतो. गोळी खाल्लेल्या शिपायाला आपला हक्क मागताना आधी चांगली बायको असल्याचं प्रमाणपत्र लागलं. ते मिळाल्यावर १८०५ पासून महिना चार डॉलर सुरू झाले.

सेरा एमा एडमंड्सला ऐंशी वर्षांनी वेगळा पुरावा लागला. मूळची कॅनडातली ही मुलगी फ्रँकलिन थॉम्सन म्हणून मिशिगनच्या दुसऱ्या रेजिमेंटमध्ये टपाल पोचवण्याचं आणि जखमींची सेवा करण्याचं काम करत होती. १८६३ मध्ये मलेरियाने आजारी पडली, रुग्णालयात गेलं तर कपडे उतरवावे लागतील म्हणून निघून गेली, आणि थॉम्सनच्या नावापुढे पळपुटा असा शेरा बसला. युद्धातल्या अनुभवांवरचं तिचं पुस्तक धडाक्याने खपलं. त्यातल्या हेरगिरीच्या कथा किती खऱ्या यावर अभ्यासक आजही वाद घालतात, आणि माझाही सगळ्यांवर विश्वास बसत नाही. पण १८८० च्या दशकात ती जुन्या सोबत्यांपुढे उभी राहिली तेव्हा त्यांनी तिला ओळखलं, प्रतिज्ञापत्रं लिहून दिली. १८८४ मध्ये काँग्रेसने तिला महिना १२ डॉलर मंजूर केले आणि दोन वर्षांनी पळपुटेपणाचा शेराही पुसला.

हॅना, डेबोरा, एमा या तिघी युद्ध संपल्यावर, किंवा सैन्य सुटल्यावर, आपल्या मूळ नावाकडे परतल्या. त्यांना स्त्रिया म्हणायला कोणाची हरकत नसावी. त्या स्वतःला तेच म्हणवत होत्या. खरा प्रश्न जे परतले नाहीत त्यांचा आहे. स्त्रियांचा इतिहास लिहिणाऱ्यांनी त्यांना धाडसी बायकांच्या यादीत घातलं. अलीकडचे अभ्यासक त्यांना ट्रान्स पुरुष म्हणतात. पहिल्या पक्षाचं म्हणणं असं, की मतदान, मिळकत, एकट्याने हिंडण्याची मोकळीक हे सगळं पुरुषालाच मिळत होतं, म्हणून वेष सोडला नाही. यात तथ्य आहे. पण एवढ्याने माझं समाधान होत नाही. गणवेश उतरल्यावर, धोका टळल्यावर, कोणाची सक्ती नसताना, अर्धशतक एखादं माणूस ज्या नावाने जगलं आणि जे नाव जपण्यासाठी त्याने पडेल ती किंमत मोजली, त्या नावाला पुरावा म्हणून वजन द्यायला हवं. आजचे शब्द त्यांच्याजवळ नव्हते, नाव होतं. म्हणून इथून पुढच्या चौघांचा उल्लेख मी पुरुष म्हणूनच करते आहे.

अलेक्सांद्र अलेक्सांद्रोव यांचं जन्मनाव नादेझ्दा दुरोवा. १८०६ मध्ये नवरा आणि लहान मुलगा मागे ठेवून ते रशियन घोडदळात गेले. झार अलेक्सांद्र पहिला याने त्यांना बोलावून घेतलं, सेंट जॉर्जचा क्रूस दिला आणि स्वतःच्या नावावरून आडनावही दिलं. बोरोदिनोच्या लढाईत जखमी होऊन, १८१६ मध्ये अधिकारी म्हणून ते निवृत्त झाले. १८३६ मध्ये पुश्किनने त्यांच्या आठवणींचा भाग आपल्या नियतकालिकात छापला, तो मात्र दुरोवा या नावाने, त्यांना नको असताना. त्या आठवणींत लग्नाचा आणि मुलाचा पत्ता नाही. वयही कमी केलेलं आहे. घोड्यावर बसून पळालेली कुमारिका वाचकांना आवडली असती, नवरा-मुलगा सोडून गेलेलं माणूस नाही. येलाबुगा गावात ते १८६६ पर्यंत पुरुषाच्या कपड्यांत राहिले आणि मुलानेही आपल्याला अलेक्सांद्रोव म्हणूनच पत्र लिहावं असा त्यांचा आग्रह होता.

डॉ. जेम्स बॅरी हे लढणारे शिपाई नव्हेत, ब्रिटिश सैन्यातले शल्यविशारद. १८१२ मध्ये एडिंबरात पदवी, पुढच्या वर्षी सैन्यात, आणि १८५७ मध्ये कॅनडात लष्करी रुग्णालयांचे महानिरीक्षक. १८२६ मध्ये केप टाउनला त्यांनी पोट फाडून बाळंतपण केलं आणि आई व मूल दोघंही वाचली. त्या काळात ही फार मोठी गोष्ट होती. त्या मुलाचं नाव जेम्स बॅरी मुनिक ठेवलं, आणि त्या घराण्याशी असलेल्या नात्यातून तेच नाव पुढे दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान हर्ट्झॉग यांच्याकडे आलं. १८६५ च्या जुलैत बॅरी वारले. मृतदेह न्हाऊ घालणाऱ्या बाईने काय पाहिलं ते सांगितलं आणि बभ्रा झाला. मृत्यूचा दाखला देणारे डॉ. मॅकिनन यांनी चौकशीला उत्तर देताना लिहिलं, की बॅरी पुरुष होते की स्त्री याच्याशी आपल्याला काही कर्तव्य नव्हतं. हा माणूस मला फार जवळचा वाटतो. पुढे मायकेल डू प्रे या डॉक्टरांनी जुनी पत्रं तपासून बॅरी म्हणजे कॉर्कची मार्गारेट बल्कली हे निश्चित केलं. तरुण बॅरींनी वकिलाला लिहिलेल्या एका पत्राच्या पाठीवर त्या वकिलानेच मिस बल्कली अशी नोंद करून ठेवली होती. मार्गारेटला वैद्यकीय शिक्षण मिळणं शक्य नव्हतं, हे सुरुवातीचं कारण असेलही. त्यानंतरच्या छपन्न वर्षांचं उत्तर त्यातून मिळत नाही.

अल्बर्ट कॅशियर यांची हकिकत सावकाश सांगायला हवी. आयर्लंडच्या क्लोगरहेड गावात १८४३ मध्ये जन्म, नाव जेनी हॉजर्स. ऑगस्ट १८६२ मध्ये इलिनॉयच्या ९५ व्या रेजिमेंटच्या जी कंपनीत एक शिपाई दाखल झाला. उंची पाच फूट तीन इंच, वय १९, लिहिता येत नाही म्हणून सहीच्या जागी फुली. ही पलटण व्हिक्सबर्गच्या वेढ्यात होती, रेड रिव्हरच्या मोहिमेत होती, गनटाउनच्या लढाईत तिची वाताहत झाली. तीन वर्षांनी पलटण घरी परतली तेव्हा कॅशियरही परतले. व्हिक्सबर्गच्या रणभूमीवर इलिनॉयने आपल्या ३६,३२५ सैनिकांची नावं कोरून स्मारक उभारलं, त्यात त्यांचंही नाव आहे.

पुढे इलिनॉयमधल्याच सॉनमिन गावात एका खोलीच्या घरात ते राहिले. शेतमजुरी, चर्चची झाडलोट, संध्याकाळी रस्त्यावरचे दिवे लावणं. निवडणुकीत मत देत. सैनिकांच्या मेळाव्यांना गणवेश घालून जात. सैनिक म्हणून पेन्शनही मिळत होतं. मग मोटारीच्या अपघातात पाय मोडला. ज्या डॉक्टरने पाय बसवला त्याला कळलं, ज्याची मोटार होती त्याला कळलं, आणि दोघांनी तोंड मिटून ठेवलं. १९११ च्या मे महिन्यात कॅशियरना क्विन्सीच्या सैनिक निवासात ठेवलं. तिथल्या डॉक्टरांनीही काही काळ गुप्तता पाळली. इथवर ज्यांना ज्यांना कळलं त्यांनी सांभाळून घेतलं, हे मला महत्त्वाचं वाटतं. खेड्यातली साधी माणसं होती ती.

१९१४ मध्ये मन भ्रमिष्ट झालं म्हणून त्यांना वॉटरटाउनच्या सरकारी वेड्यांच्या इस्पितळात हलवलं, आणि बातमी वर्तमानपत्रांत पोचली. तिथे त्यांना बायकांच्या विभागात ठेवून झगा घालायला लावलं. पन्नास वर्षं विजारीत वावरलेलं सत्तरीचं ते म्हातारं माणूस झग्यात पाय अडकून पडलं आणि खुब्याचं हाड मोडलं. त्यानंतर ते धडपणे उठलेच नाहीत. व्हिक्सबर्गच्या तोफांनी जे केलं नाही ते इस्पितळाच्या नियमाने केलं.

आणि याच सुमाराला पेन्शन खात्याने चौकशी सुरू केली. संशय असा, की या बाईने दुसऱ्याच कुणा कॅशियरचं पेन्शन लाटलं की काय. ९५ व्या पलटणीतले म्हातारे सोबती साक्षीला बोलावले गेले. त्यांनी सांगितलं, की हाच तो अल्बर्ट, आमच्याबरोबर चालला, आमच्याबरोबर लढला. अंगाने लहान होता, एकटा एकटा राहायचा, पण कामाला कधी मागे नव्हता. त्यांच्यातले बहुतेक चकित झाले होते, पण रागावल्याचं त्या जबान्यांत दिसत नाही. खात्याला ओळख पटली आणि पेन्शन चालू राहिलं. १० ऑक्टोबर १९१५ ला कॅशियर वारले. सोबत्यांनी गणवेश चढवून, लष्करी इतमामाने त्यांना पुरलं आणि दगडावर अल्बर्ट डी. जे. कॅशियर, जी कंपनी, ९५ इलिनॉय इन्फन्ट्री एवढंच कोरलं. जेनी हॉजर्स हे नाव असलेला दुसरा दगड १९७० च्या दशकात बसला. बसवणाऱ्यांचा हेतू आदराचाच होता. तरी तो बसवायला नको होता, असं माझं स्पष्ट मत आहे. सोबत्यांनी दिलेला निकाल पुरेसा होता.

विसाव्या शतकात भरतीच्या तपासण्या कडक झाल्या आणि नियमित सैन्यांतून ही वाट जवळपास बंद झाली. बंडखोर फौजांत ती उघडी राहिली. मेक्सिकोच्या क्रांतीत एमिलियानो सापाता याच्या बाजूने लढलेले कर्नल आमेलिओ रोब्लेस हे त्यातलं सर्वांत ठळक उदाहरण. १८८९ मध्ये गेरेरो प्रांतातल्या सोचिपाला गावी जन्म, नाव आमेलिया. लहानपणापासून घोडे आणि बंदुका यांचं वेड. क्रांतीत उतरले तेव्हापासून आमेलिओ झाले ते कायमचेच. त्या काळातलं त्यांचं स्टुडिओत काढलेलं छायाचित्र उपलब्ध आहे. गडद सूट, टाय, एका हाताच्या बोटांत सिगारेट, आणि कोट मागे सारून दाखवलेलं कमरेचं पिस्तूल. फोटो काढून घेणाऱ्याला नेमकं काय दिसायला हवं आहे ते पक्कं ठाऊक आहे. गावात कोणी बाई म्हटलं तर ते पिस्तूल बाहेर येई, असं सांगतात. त्यांनी संसार केला, मुलगी दत्तक घेतली, स्थानिक राजकारणात राहिले.

युद्धात सेवा केल्याबद्दल मान्यता हवी तर रोब्लेस यांनाही कागद द्यावे लागले. १९४८ मध्ये त्यांनी वैद्यकीय दाखला घेतला; त्यात वय आणि अंगावरच्या सहा गोळ्यांच्या जखमा नोंदल्या आहेत, आणि शरीराबद्दल डॉक्टरने आणखी काही लिहिलेलं नाही. लष्करी अभिलेखागारातल्या त्यांच्या फायलीत ते मुलगा म्हणून जन्मल्याचा एक जन्मदाखलाही आहे, जो अस्सल नाही. इतिहासकार गाब्रिएला कानो यांनी या फायलीचा बारकाईने अभ्यास केला आहे. १९७४ मध्ये मेक्सिकोच्या संरक्षण खात्याने त्यांना क्रांतीचा निवृत्त सैनिक म्हणून मान्यता दिली, पुल्लिंगी. फक्त मिळकत आणि मतदान यांसाठी पुरुषाचा वेष, हा युक्तिवाद इथे टिकत नाही. मेक्सिकोत स्त्रियांना १९५३ मध्ये मतदानाचा हक्क मिळाला होता, आणि रोब्लेस त्यानंतर एकतीस वर्षं, १९८४ मध्ये पंचाण्णव वर्षांचे होऊन वारेपर्यंत, आमेलिओच राहिले.

सोचिपालातल्या त्यांच्या घराचं पुढे संग्रहालय झालं. त्याला नाव दिलं ते आमेलिया रोब्लेसचं. क्रांतीत बायकांनीही बंदूक धरली हे नव्या पिढीला सांगायचं होतं, आणि ते सांगायलाच हवं. त्या क्रांतीत स्त्री म्हणून उघडपणे लढलेल्या कितीतरी जणी आहेत, त्यांच्या नावाने खुशाल संग्रहालयं उभारावीत. रोब्लेस यांच्या दारावर त्यांचं स्वतःचं नाव लावायला हवं. संरक्षण खात्याने ते लेखी मान्य केलेलं आहे.